२० सेंटिमीटरचा चौकोन: दुरंगी विणकाम शिकतानाचे अनुभव

दुरंगी विणकामाच्या निरनिराळ्या पद्धती एकत्र शिकाव्यात म्हणून आमच्या गटाने चौकोन जोडून एक ब्लँकेट करायचे ठरवले, तेव्हा नियम मोजकेच ठेवले होते. प्रत्येक चौकोन २० सेंटिमीटर लांब-रुंद असावा, सर्वांची लोकर डीके (मध्यमपेक्षा किंचित पातळ) जाडीची असावी, आणि प्रत्येक चौकोनात एक फिकट दुधी रंग व त्याच्या जोडीला विणणाऱ्याच्या पसंतीचा एक गडद रंग असावा. टाके किती घालायचे, हे मुद्दाम सांगितले नव्हते. पद्धत बदलली की त्याच लोकरीचा आणि तेवढ्याच टाक्यांचा चौकोन कधी आखडतो, कधी पसरतो, कधी जाड होतो. हे प्रत्येकाने स्वतः नमुना विणून आणि मोजून पाहावे, असा हेतू होता. ज्यांनी चौकोन विणले त्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत पुढे दिले आहेत; प्रत्येक मथळ्याखाली वेगळी व्यक्ती बोलते. तुलनेसाठी एवढे लक्षात ठेवावे की एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा साध्या विणीत, ४ मिलिमीटरच्या सुईवर, आमच्या लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि सुमारे ३० ओळी बसत होत्या. म्हणजे चौकोनासाठी ४४ टाके आणि ६० ओळी.

मोझॅक

मला सुलट आणि उलट टाक्यांपलीकडे फारसे काही येत नव्हते, म्हणून मी मोझॅकचा चौकोन मागून घेतला. या पद्धतीला हे नाव देऊन ती लोकप्रिय करण्याचे श्रेय अमेरिकेतील विणकाम-लेखिका बार्बरा वॉकर यांना दिले जाते. तिची खुबी अशी की नक्षी दोन रंगांची दिसते, पण हातात एका वेळी एकच रंग असतो. दोन ओळी गडद रंगाने विणायच्या, नंतर दोन ओळी फिकट रंगाने. आणि ज्या जागी दुसरा रंग दिसायला हवा, तिथला टाका न विणता, उलट टाक्यासारखी सुई घालून, उजव्या सुईवर नुसता सरकवायचा. परतीच्या ओळीत आलेखाकडे, म्हणजे नक्षीच्या चौकटी आखलेल्या कागदाकडे, पाहावेही लागत नाही, कारण जाताना विणलेला टाका येताना विणायचा आणि सरकवलेला पुन्हा सरकवायचा, एवढेच असते.

नवशिक्यांना गोंधळात टाकणारी गोष्ट एकच आहे. टाका सरकवताना धागा कापडाच्या मागच्या बाजूला राहायला हवा. जाताना ही मागची बाजू आपल्यापासून दूर असते आणि येताना तीच आपल्या समोर असते, त्यामुळे परतीच्या ओळीत धागा आपल्याकडे घेऊन टाका सरकवावा लागतो. हे एकदा हाताला कळले की बाकी सर्व काम पट्ट्या विणण्याइतके सोपे आहे.

मापाच्या बाबतीत या पद्धतीने मला चांगलेच चकवले. सर्व ओळी सुलट विणल्या की वीण मुळातच उंचीला दबते, आणि सरकवलेले टाके ओळींना आणखी जवळ ओढतात. रुंदीसाठी ४४ टाके पुरेसे झाले, परंतु उंची भरण्यासाठी ९० च्या आसपास ओळी लागल्या.

मागून धागा नेणारी वीण

मी आठ पाकळ्यांच्या चांदणीचा चौकोन विणला. ही चांदणी नॉर्वेतील सेल्बू या गावाच्या हातमोज्यांमुळे जगभर पोहोचली, आणि असे हातमोजे १८५७ मध्ये प्रथम विणण्याचे श्रेय तिथल्या मारित एमस्टाड यांना दिले जाते. याच कुळातील दुसरी प्रसिद्ध परंपरा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्क्नी आणि शेटलंड यांच्या मधल्या फेअर आयल या छोट्या बेटाची आहे. तिथले स्वेटर कितीही रंगीबेरंगी दिसले, तरी परंपरेने एका ओळीत दोनच रंग असतात, ही गोष्ट मला चौकोन विणायला घेतल्यावर कळली आणि तिने बराच धीर आला.

या विणीत दोन्ही धागे ओळभर सोबत चालतात. ज्याची पाळी नसते तो मागून आडवा जातो, आणि हा मागचा धागाच सगळी परीक्षा पाहतो. तो ताणला गेला की कापड चुण्या पडून गोळा होते. फार सैल सुटला की टाके ओघळतात. माझ्यासाठी उपयोगी ठरलेला उपाय असा, की रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे नुकतेच विणलेले टाके बोटाने पसरवून घ्यावेत आणि मगच नवा धागा ओढावा. सलग पाच टाक्यांपेक्षा, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा, जास्त अंतर मागून जायचे असेल तर धागा मध्ये एकदा दुसऱ्या धाग्याखाली अडकवून घ्यावा. मात्र लागोपाठच्या ओळींत एकाच जागी अडकवू नये; तसे केल्यास पुढच्या बाजूने त्या जागी दुसऱ्या रंगाची रेघ डोकावू लागते.

खरा शोध लागला तो धाग्यांच्या क्रमाचा. मी गडद धागा डाव्या हातात आणि दुधी धागा उजव्या हातात धरून विणत होते. मागच्या बाजूला दोन्ही धागे एकमेकांत पीळ न पडता समांतर राहतात. एक नेहमी वरून येतो आणि दुसरा नेहमी खालून. खालून येणाऱ्या धाग्याला किंचित अधिक अंतर कापावे लागते, त्यामुळे त्याचा टाका थोडा मोठा बसतो आणि तो रंग उठून दिसतो. मी मुद्दाम तोच आलेख हात बदलून विणून पाहिला, तेव्हा चांदणी मागे सरली आणि दुधी पार्श्वभूमी पुढे आली. लोकर तीच, सुई तीच, आलेख तोच. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की नक्षीचा रंग नेहमी खालून येऊ द्यावा, आणि काम अर्ध्यावर ठेवताना कोणता रंग कोणत्या हातात होता ते लिहून ठेवावे.

मापाचे गणित मोझॅकच्या अगदी उलट निघाले. मागच्या धाग्यांमुळे टाके अरुंद आणि जवळजवळ चौकोनी झाले; मला ४८ टाके घालावे लागले आणि ५४ ओळींतच उंची भरली. आलेखाच्या कागदावर नक्षी जशी दिसते तशीच ती कापडावर उतरते, याचे कारणही हेच.

उलट ओळ टाळण्याचा मार्ग

वरील अनुभवाला एक छोटी पुरवणी जोडतो. दोन रंगांनी उलट ओळ विणताना नक्षी डोळ्यांसमोर नसते आणि धागे समोर लोंबकळतात, म्हणून मी गोल सुई वापरून प्रत्येक ओळ पुढच्याच बाजूने विणली. ओळ संपली की दोन्ही धागे कापायचे, टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात करायची. टाके निश्चितच एकसारखे येतात. परंतु दोन्ही कडांना धाग्यांची झालर तयार होते, लोकर वाया जाते आणि प्रत्येक जोडीला गाठ मारत बसावे लागते. हातमोजे किंवा टोपी मुळातच गोल विणली जाते, तिथे हा प्रश्नच येत नाही. सपाट चौकोनासाठी मात्र उलट ओळ शिकून घेणेच बरे, असे माझे मत झाले.

इंटार्शिया

मोठा त्रिकोण, हृदय, अक्षर असा एकसंध आकार हवा असेल तर मागून धागा नेण्यात अर्थ नसतो. इंटार्शियात प्रत्येक रंगाच्या पट्ट्याला त्याचा स्वतंत्र छोटा गुंडा असतो, आणि जिथे रंग बदलतो तिथे जुना धागा नव्या धाग्यावरून टाकून दोघांना एकदा पीळ द्यायचा. हा पीळ द्यायचा राहून गेला तर दोन रंगांच्या सीमेवर चीर पडते. कापड एकपदरीच राहत असल्याने साध्या विणीचे ४४ टाके आणि ६० ओळी तंतोतंत लागू पडल्या, आणि म्हणूनच माझ्याकडे सांगण्यासारखे फार नाही. धाग्यांची टोके लपवण्यात मात्र विणण्याइतकाच वेळ गेला.

दुहेरी वीण

दुहेरी विणीत एकाच वेळी दोन कापडे पाठीला पाठ लावून विणली जातात, आणि नक्षीच्या जागी ती आपसांत रंग बदलतात. समोर गडद पार्श्वभूमीवर दुधी पान असेल, तर मागे दुधी पार्श्वभूमीवर गडद पान असते. मला या कल्पनेचेच आकर्षण होते.

सुईवर टाके जोडीने असतात. जोडीतील पहिला टाका पुढच्या कापडाचा, तो एका रंगाने सुलट. दुसरा मागच्या कापडाचा, तो दुसऱ्या रंगाने उलट. सुलट टाका विणताना दोन्ही धागे मागे न्यायचे आणि उलट विणताना दोन्ही पुढे आणायचे. एकच धागा हलवला तर दुसरा कापडावर आडवा पडून राहतो. आलेखातील एक चौकट म्हणजे एक जोडी. ओळ उलटली की मागच्या कापडाकडून तोच आलेख रंग बदलून वाचावा लागतो, आणि सुरुवातीला डोके चक्रावते ते याच ठिकाणी. कडेला दोन्ही धाग्यांना पीळ द्यायला विसरू नये, नाहीतर दोन्ही थर पिशवीसारखे सुटे राहतात.

चौकोनाच्या प्रत्येक बाजूला ४४ टाके हवे असल्याने सुईवर ८८ टाके होते. टाके सैल पडू लागल्यामुळे मी साडेतीन मिलिमीटरची सुई घेतली. लोकर साध्या चौकोनाच्या दुप्पट लागली आणि वजनही तसेच झाले. शिकण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, पण एकपदरी चौकोनांच्या शेजारी ती बसवताना विचार करावा. जड चौकोन शेजारच्या हलक्या चौकोनांना खाली ओढतो. आम्ही अखेर दुहेरी चौकोन ब्लँकेटच्या चारही कोपऱ्यांत ठेवले, कारण तिथे वजन असले तर ब्लँकेट उलट नीट पडून राहते.

दुरंगी ब्रिओश

मी गटातील अनुभवी समजली जाणारी विणकर असल्याने ब्रिओश माझ्या वाट्याला आले. यात टाका सरकवताना त्याच्यावरून धाग्याचा एक वेढा घेतला जातो, आणि पुढच्या फेरीत टाका व वेढा मिळून एकच समजून विणले जातात. दोन रंगांत विणायचे तर प्रत्येक ओळ दोनदा चालावी लागते: आधी गडद रंगाने एक टाका सोडून एक, मग काम न उलटवता सर्व टाके सुईच्या आरंभाच्या टोकाला सरकवून दुधी रंगाने उरलेले टाके. यासाठी दोन्ही टोकांना अणकुची असलेली किंवा गोल सुई लागतेच. पुढून गडद रंगाच्या उभ्या धारा दिसतात, तर मागून दुधी रंगाच्या.

ही वीण आडवी पसरते. मला ४४ ऐवजी ३१ टाके पुरले, तेही लहान सुई घेऊन. शिवाय ती इतकी लवचीक आहे की सुईवर असताना घेतलेल्या मापाला काहीच किंमत नसते. नमुना भिजवून, न ताणता आडवा सुकवून, मगच मोजावा. निसटलेला टाका उचलताना तो कोणत्या वेढ्यासोबतचा होता हे ओळखणे फार अवघड जाते, म्हणून दर काही ओळींनंतर सर्व टाक्यांमधून एक गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवावा. उसवायची वेळ आली तर काम त्या दोऱ्यापाशी थांबते.

रंग निवडण्याविषयी

माझा मुद्दा पद्धतीचा नाही. लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून पाहिले की रंग वेगळे दिसतात, पण विणीत टाके लहान असल्याने रंगापेक्षा त्याचा गडदपणा अधिक महत्त्वाचा ठरतो. दोन्ही गुंड्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात दोन्ही एकाच राखाडी छटेचे दिसले, तर मोझॅकची किंवा चांदणीची नक्षी कापडावर हरवणार हे निश्चित समजावे. मला आवडलेला फिकट पिवळा रंग याच कसोटीवर बाद झाला आणि त्याच्या जागी मोरपंखी आला.

जोडणी

सर्व चौकोन माझ्याकडे जोडणीसाठी आले, तेव्हा २० सेंटिमीटरच्या नियमाचे महत्त्व आणि अपुरेपण दोन्ही लक्षात आले. बाजू सारख्या लांबीच्या होत्या, परंतु एका कडेला ९० ओळी तर तिच्या शेजारच्या कडेला ५४ ओळी असतील, तर ओळीला ओळ जोडून शिवणे शक्य नसते. त्यामुळे प्रत्येक चौकोनाच्या चारही बाजूंनी दुधी लोकरीने ४४-४४ टाके उचलून, कोपऱ्यांत टाके वाढवत, बारीक किनार विणली. मोझॅकच्या कडेवर साधारण दोन ओळींमागे एक टाका उचलावा लागला, तर चांदणीच्या कडेवर पाच ओळींमागे चार. ब्रिओशसाठी कोणतेही सूत्र चालले नाही. कडेवर टाचण्या लावून समान भाग पाडले. किनारीसाठी आधी एक सुलट गडद, एक उलट दुधी अशी दुरंगी रिब विणून पाहिली होती. ती देखणी दिसते, परंतु मागून धागे जात असल्याने तिच्यात साध्या रिबची लवचीकता नसते आणि ब्रिओशचा चौकोन तिच्यात आवळला गेला, म्हणून ती सोडून दिली.

किनारी झाल्यावर दोन चौकोनांच्या कडा समोरासमोर धरून तिसऱ्या सुईने दोन्हीकडचे टाके एकत्र बंद केले. त्यापूर्वी प्रत्येक चौकोन भिजवून, टाचण्यांनी मापात ताणून सुकवला होता, आणि ओला असतानाच पांढऱ्या कापडाने दाबून रंग सुटतो का ते पाहिले होते. ज्या गडद लोकरीने डाग पाडला, तिचा चौकोन पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळा धुतला.

चांदणीच्या चौकोनांमागच्या धाग्यांत बोटे अडकतात, म्हणून ब्लँकेटला अस्तर लावावे असे काहींचे म्हणणे आहे. मी त्याला अनुकूल नाही. तेवढ्याच चौकोनांमागे पातळ कापड शिवता येईल. बाकीच्यांची मागची बाजू उघडी राहावी, कारण कोणता चौकोन कोणत्या पद्धतीने विणला आहे हे मागूनच नीट कळते, आणि दुहेरी विणीचे चौकोन तर दोन्ही बाजूंनी पाहण्यासाठीच विणलेले आहेत.