दोन पहिल्या फेरीचे पिक की हातातला तरुण खेळाडू? एनएफएलच्या सौद्यांचा हिशोब कसा मांडायचा

न्यूजर्सीकर

ऑगस्ट २०२५च्या अखेरीस एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) डॅलस काउबॉयजनी मायका पार्सन्स ग्रीन बे पॅकर्सना दिला. वय २६, लीगमधल्या अव्वल एज रशरपैकी (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा बचावपटू) एक. बदल्यात त्यांना २०२६ आणि २०२७चे पहिल्या फेरीचे पिक (दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्यांच्या निवडीत, खेळाडू घ्यायचा हक्क) आणि बचावपटू केनी क्लार्क मिळाला. तेव्हापासून सगळीकडे एकच वाद ऐकू येतो. एक गट म्हणतो, दोन पिक म्हणजे भरपूर झालं. दुसरा म्हणतो, असा खेळाडू दहा पिकमधूनही मिळायचा नाही. दोन्हीकडचे लोक ठामपणे बोलतात, पण आकडे कुणीच मांडत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. सिद्ध झालेला तरुण खेळाडू एका पारड्यात आणि पहिल्या फेरीचे पिक दुसऱ्या पारड्यात, तर तुलना कोणत्या पायऱ्यांनी करावी? काउबॉयजचे जुने प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचा गुणांचा तक्ता (प्रत्येक पिकला गुण देणारा) इथे चालतो का? आणि आमच्या डायनॅस्टी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारा फॅन्टसी खेळ, खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात; १२ संघ, सुपरफ्लेक्स म्हणजे दुसरा क्वार्टरबॅकही उतरवता येतो) हाच हिशोब लावता येईल का?

---

हिशोबनीस

खेळाडू विरुद्ध पिक अशी तुलना केली की गल्लत होणारच. तुलना करार विरुद्ध करार अशी करा.

२०११च्या कामगार करारापासून (लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला) नवख्यांचे पगार पिकच्या क्रमांकानुसार जवळपास ठरूनच येतात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात असतो. तिसरा हंगाम संपला की मेच्या सुरुवातीपर्यंत तो पर्याय घ्यायचा की सोडायचा हे संघाला ठरवावं लागतं. २०२०च्या करारापासून पर्याय घेतला की त्या वर्षाचा पगार पूर्ण हमीचा होतो. दुसऱ्या फेरीपासून पुढे हे पाचवं वर्ष नाही. म्हणून ३२वा आणि ३३वा पिक शेजारी दिसत असले तरी त्यांच्यात एका आख्ख्या वर्षाचं अंतर आहे.

आता आकडे. २०२५चा पहिला पिक कॅम वॉर्ड, चार वर्षांचे मिळून सुमारे ४.८८ कोटी डॉलर. पार्सन्सला पॅकर्सनी चार वर्षांचे १८.८ कोटी दिले, म्हणजे वर्षाला सरासरी ४.७ कोटी. ड्राफ्टमधला सगळ्यात महाग नवखा चार वर्षांत जेवढं घेतो, जवळपास तेवढं पार्सन्स एका वर्षात घेतो. २०२५ची सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) २७.९२ कोटी होती. तिचा सहावा हिस्सा एकाच माणसावर.

म्हणजे पॅकर्सनी मोजलेली किंमत फक्त दोन पिक आणि क्लार्क एवढी नाही, तर त्यावर १८.८ कोटी. आणि काउबॉयजना फक्त पिक मिळाले नाहीत, तर तेवढा पगार न देण्याची मोकळीकही मिळाली. बातमीत ही बाजू येत नाही, त्यामुळे विकणारा नेहमी मूर्ख ठरतो.

यावरून पहिली पायरी: खेळाडूच्या स्वस्त करारातली किती वर्षं शिल्लक आहेत ते मोजा. सप्टेंबर २०१९मध्ये स्टीलर्सनी मिंका फिट्झपॅट्रिकसाठी डॉल्फिन्सना २०२०चा पहिल्या फेरीचा पिक दिला (खालच्या फेऱ्यांची थोडी अदलाबदल वेगळी). फिट्झपॅट्रिक २०१८चा ११वा पिक, म्हणजे दुसऱ्याच हंगामात होता. स्टीलर्सना जवळजवळ आख्खा २०१९, मग २०२०, २०२१ आणि वर पर्यायाचं वर्ष, हे सगळं नवख्यांच्या दरात मिळालं. दिलेला पिक निघाला १८वा. तरुण खेळाडू विकत घ्यायचा तर असा घ्यावा. पिक देऊन पिकच घेतल्यासारखं, फक्त खेळाडू कसा निघेल हा प्रश्न आधीच सुटलेला.

पार्सन्स किंवा २०१८चा खलील मॅक (रेडर्सकडून बेअर्सकडे गेलेला एज रशर) यांच्या बाबतीत स्वस्त वर्षं संपतच आली होती. तिथे तुम्ही पिक देऊन बाजारभावाने पगार देण्याचा हक्क विकत घेता. तो हक्कही मोलाचा असतो, कारण असे एज रशर खुल्या बाजारात क्वचितच पोचतात. पण किंमत ठरवताना तो वेगळा मांडा.

विकणाऱ्याने बघायची गोष्ट म्हणजे डेड मनी, म्हणजे गेलेल्या खेळाडूचा कॅपवर उरलेला बोजा. समजा ४ कोटींचा साइनिंग बोनस पाच वर्षांवर पसरलाय, वर्षाला ८० लाख. दोन हंगामांनंतर १ जूनपूर्वी खेळाडू दिला तर उरलेले २.४ कोटी त्याच वर्षीच्या कॅपवर एकदम कोसळतात. १ जूननंतर दिला तर ८० लाख या वर्षी आणि १.६ कोटी पुढच्या वर्षी. घेणाऱ्या संघाच्या अंगावर यातलं काहीच येत नाही. म्हणून खेळाडू नवख्याच्या करारावर असतो तोवर विकणं सोपं, मोठा करार झाल्यानंतर अवघड.

---

चौथा_डाऊन

वरचं सगळं पटलं. त्यात भर.

'दोन पहिल्या फेरीचे पिक' हे मापच नव्हे. कोणाचे पिक, हे आधी विचारा. ऑगस्ट २०१९मध्ये टेक्सन्सनी लॅरेमी टन्सिलसाठी (सोबत केनी स्टिल्स) डॉल्फिन्सना २०२० आणि २०२१चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०२१चा दुसऱ्या फेरीचा पिक दिला, काही खेळाडूही दिले. आधीच्या हंगामात टेक्सन्स ११-५ (११ विजय, ५ पराभव) होते. त्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं की पिक विशीतलेच येणार. २०२०चा आलाही २६वा. मग २०२०च्या हंगामात टेक्सन्स ४-१२ कोसळले आणि २०२१चा पिक आला तिसरा. जॉन्सनच्या तक्त्यात २६व्याचे ७०० गुण, तिसऱ्याचे २२००. एकाच सौद्यातले, एकाच नावाचे दोन पिक, आणि किंमत तिप्पट! डॉल्फिन्सनी तो तिसरा पिक फोर्टीनाइनर्सना दिला आणि १२व्या पिकसह पुढचे दोन पहिल्या फेरीचे पिक उचलले. फोर्टीनाइनर्सनी त्या तिसऱ्या पिकवर ट्रे लान्स घेतला. २०२३मध्ये तो चौथ्या फेरीच्या एका पिकला गेला.

उलट रॅम्सने २०१९मध्ये जेलन रॅम्सीसाठी जे दोन पिक दिले ते २०वा आणि २५वा निघाले, गुण ८५० आणि ७२०. संघ चांगला खेळत राहिला म्हणून दिलेले पिक स्वस्त पडले.

तेव्हा देणारा संघ असाल तर 'आपण जिंकणारच, पिक शेवटीच येणार' या गृहीतकावर किंमत ठरवू नका. क्वार्टरबॅक जायबंदी झाला तर तुमचा पिक कुठे येईल, त्या आकड्यानेही एकदा बेरीज करून बघा. तरीही सौदा झेपत असेल तरच पुढे जा.

तक्त्याबद्दल: तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काउबॉयजनी पिकच्या बदल्यात पिक देताना पटकन बेरीज करता यावी म्हणून केला. पहिला पिक ३०००, दहावा १३००, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०. तेव्हा सॅलरी कॅपही नव्हती आणि नवख्यांचे ठरलेले पगारही नव्हते. खेळाडूंच्या नंतरच्या कामगिरीवरून बांधलेले नवे तक्ते वरून खाली इतक्या वेगाने उतरत नाहीत. सुरुवातीचे पिक जुन्या तक्त्यात जास्त फुगलेले आहेत. पिकची पिकशी अदलाबदल असेल तर वापरा. खेळाडूची किंमत त्यावरून काढू नका.

पुढच्या वर्षीच्या पिकला एक फेरी खाली धरायचं, म्हणजे पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक आजच्या दुसऱ्या फेरीच्या बरोबरीचा, हा लीगमधला रूढ ठोकताळा आहे. माझ्या मते थांबायची तयारी असलेल्या संघाला यात उघड फायदा आहे. वर्षभर वाट बघितली की तोच पिक पूर्ण किमतीचा होतो. खुर्ची धोक्यात आलेले जनरल मॅनेजर तो स्वस्तात सोडतात, कारण पुढच्या वर्षी आपण तिथे असू की नाही याची त्यांनाच खात्री नसते.

---

कॉर्नर_ब्लिट्झ

माझा रोख थोडा वेगळा आहे. वरचा हिशोब बरोबर असला तरी पिककडे झुकतो. पिकमागची अनिश्चितता लोक कायम कमी लेखतात.

मॅसी आणि थेलर या अभ्यासकांनी ड्राफ्टचे निकाल तपासले होते. एकाच जागेवरचे, लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला पुढे जाऊन सरस ठरण्याचं प्रमाण सुमारे ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं.

२०२२मध्ये टायटन्सनी ए. जे. ब्राउन ईगल्सना दिला आणि १८वा व १०१वा पिक घेतला. १८व्यावर ट्रेलन बर्क्स घेतला, अंगकाठीने ब्राउनसारखाच रिसीव्हर (चेंडू झेलणारा). कागदावर सौदा शहाणपणाचा. ब्राउनला ईगल्सनी चार वर्षांचे १० कोटी दिले, बर्क्स त्याच्या तुलनेत फुकटात. प्रत्यक्षात पहिल्या हंगामात ब्राउन १४९६ यार्ड, बर्क्स ४४४. डिसेंबरमध्ये ब्राउनने टायटन्सविरुद्धच दोन टचडाउन केले आणि दोन दिवसांनी टायटन्सच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली.

याच्या उलट उदाहरण म्हणून मार्च २०२०चा स्टेफॉन डिग्सचा सौदा सांगतात. वायकिंग्जनी डिग्स बिल्सना दिला, मिळालेल्या २२व्या पिकवर जस्टिन जेफरसन घेतला. डिग्सने त्या हंगामात १५३५ यार्ड करून लीगमध्ये पहिला नंबर काढला, जेफरसनने पहिल्याच वर्षी १४००. दोघंही जिंकले. पण २१व्या पिकवर ईगल्सनाही रिसीव्हरच हवा होता आणि त्यांनी जेलन रेगर घेतला. त्यांनी जेफरसनचं नाव पुकारलं असतं तर आज हा सौदा कुणी कौतुकाने सांगितला नसता. २२व्या पिकची किंमत काढताना रेगर आणि जेफरसन दोघांनाही हिशोबात धरावं लागतं.

म्हणून पिकला कधीही विशिष्ट खेळाडूचं नाव लावू नका. त्याच पट्ट्यात, म्हणजे पाच वर-पाच खाली, गेल्या काही वर्षांत कोण कोण गेलं ते लिहून काढा. किती जण पक्के खेळाडू झाले, किती जण तीन वर्षांत बाहेर गेले ते बघा. रेडर्सनी खलील मॅकच्या दोन पिकवर जॉश जेकब्स (२४वा) आणि डेमन आर्नेट (१९वा) घेतले. जेकब्स उत्तम निघाला, आर्नेटला दुसऱ्याच हंगामात सोडून द्यावं लागलं.

जागाही बघा. क्वार्टरबॅक, एज रशर, लेफ्ट टॅकल, रिसीव्हर, कॉर्नरबॅक यांचे बाजारभाव इतके चढलेत की नवख्याच्या पगारात तसा खेळाडू मिळाला तर मोठी बचत होते, आणि सिद्ध खेळाडूसाठी दोन पिक देणंही समजू शकतं. सेफ्टी आणि रनिंग बॅकसाठी नाही. सीहॉक्सनी २०२०मध्ये जमाल ॲडम्ससाठी जेट्सना दोन पहिल्या फेरीचे, एक तिसऱ्या फेरीचा पिक आणि एक खेळाडू दिला, पुढच्या वर्षी चार वर्षांचा ७ कोटींचा करार केला. २०२२च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या मांडीच्या स्नायूचा टेंडन फाटला आणि मार्च २०२४मध्ये त्याला सोडलं. दिलेल्यांपैकी दुसरा पिक दहावा निघाला, जेट्सनी त्यावर गॅरेट विल्सन घेतला.

---

न्यूजर्सीकर

सगळ्यांचे आभार, फार उपयोगी माहिती. दोन गोष्टी राहिल्या. करार आधी की सौदा आधी? आणि डायनॅस्टीचं काय?

---

हिशोबनीस

करार आधी. टेक्सन्सनी टन्सिल घेताना नवा करार केला नव्हता. इतके पिक देऊन बसल्यावर त्याला सोडणं शक्यच नव्हतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. एप्रिल २०२०मध्ये त्याने तीन वर्षांचे ६.६ कोटी घेतले, त्या वेळचा टॅकलसाठीचा सर्वोच्च दर. बेअर्सनी मॅकच्या वेळी आणि पॅकर्सनी पार्सन्सच्या वेळी सौद्याबरोबरच करार उरकला. पिक हातात असेपर्यंतच घासाघीस करता येते.

---

कॉर्नर_ब्लिट्झ

डायनॅस्टीत हा हिशोब जसाच्या तसा लावू नका. तुमच्या लीगमध्ये पगाराची मर्यादा नसेल तर पिकचा सगळ्यात मोठा गुण, स्वस्त करार, तिथे शून्य होतो. उरते फक्त शक्यता. त्यामुळे सिद्ध झालेला २३-२४ वर्षांचा रिसीव्हर एनएफएलच्या तुलनेत डायनॅस्टीत जास्त मोलाचा.

वेळ मात्र फार महत्त्वाची. पिकची किंमत फेब्रुवारीपासून चढत जाते आणि एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्टच्या सुमारास, तुमच्या लीगचा नवख्यांचा ड्राफ्ट सुरू होण्याआधी, सगळ्यात वर असते. कारण तोवर प्रत्येक जण त्यात आपल्या आवडीचा खेळाडू बघत असतो. विकायचा तर तेव्हा विका. घ्यायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जिंकायला निघालेल्या संघाकडून घ्या. तेव्हा त्याला या रविवारी मैदानात उतरणारा माणूस हवा असतो.

२०२०मध्ये कित्येक लीगमध्ये पहिला पिक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरवर गेला, केवळ चीफ्सनी त्याला ३२वा घेतला म्हणून. जोनाथन टेलर, सीडी लॅम्ब, जेफरसन, सगळे त्याच वर्षीचे. रनिंग बॅकवर पहिला पिक घालायचा तर त्याची खेळायची वर्षं कमी असतात हे धरूनच घाला. सुपरफ्लेक्समध्ये पहिल्या तीन-चार पिकना जास्त भाव द्या, कारण क्वार्टरबॅक तिथेच संपतात.

---

चौथा_डाऊन

किंमतीवर एकमत होत नसेल तर अट घाला. कार्सन वेंट्झच्या सौद्यात (२०२१) कोल्ट्सनी दिलेला २०२२चा दुसऱ्या फेरीचा पिक, वेंट्झ ७५ टक्के स्नॅप (संघाच्या चाली) खेळला तर पहिल्या फेरीचा होणार होता. तो खेळला, ईगल्सना पहिल्या फेरीचा पिक मिळाला. ॲरन रॉजर्सच्या सौद्यात (२०२३) मर्यादा ६५ टक्के होती. चौथ्याच स्नॅपला त्याचा अकिलीस टेंडन फाटला आणि जेट्सचा पिक दुसऱ्या फेरीतच राहिला.

एनबीएसारखी 'पहिल्या दहात आला तर परत' ही अट एनएफएलमध्ये सहसा दिसत नाही, पण तुमच्या डायनॅस्टी लीगमध्ये ती घालायला हरकत नाही. फक्त अट लीगच्या पानावर शब्दशः लिहून घ्या: टक्के कशाचे, नियमित हंगामाचे की प्लेऑफ धरून, आणि मोजायचे कोणत्या साइटच्या आकड्यांवरून.