सत्य शोधायचं, की पटवूनही द्यायचं? (चर्चा धागा)

चिकित्सक:
व्हिएन्नाचं सरकारी इस्पितळ, मे १८४७. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना तिथल्याच इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पहिल्या प्रसूती विभागात एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये दोन. तरी बहुतेक वैद्यकजगताने मानलं नाही. त्याचं सविस्तर पुस्तक आलं १८६१ साली. पुढे उघड पत्रांतून त्याने विरोधकांना खुनी ठरवलं आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला.

अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स १८७७च्या निबंधात म्हणतो की हट्टाने धरलेलं मत टिकत नाही. दुसऱ्याचं मत आपल्याइतकंच खरं असेल, ही शंका माणसांत राहणाऱ्याला कधीतरी येतेच. म्हणजे शोध हे समुदायाचं काम. मग त्या समुदायाला पटवणं शोधाबाहेरचं कसं?

पाणकळा:
अजिबात पटलं नाही. इथे चुकला तो समुदायच! पर्स त्याच निबंधात सांगतो की वस्तू जशा आहेत तशा आहेत, आपल्या मतावर अवलंबून नाहीत. हात धुतल्याने बायका वाचल्या, कुणाला पटो न पटो. प्लेटोच्या संवादातला वक्तृत्वाचा शिक्षक गॉर्जियास तर बढाई मारतो की सभेत वैद्य निवडायचा असेल तर लोक वैद्याला सोडून वक्त्याला निवडतील. अशा कलेला शोधात जागा द्यायची?

चिकित्सक:
त्याच्या आधीचं वाक्यही वाचा. गॉर्जियासचा भाऊ वैद्य होता, रोगी त्याचं औषध घेईना, ते गॉर्जियासने बोलून घ्यायला लावलं. औषध खरंच होतं, पण पोटात गेलं बोलण्यामुळे.

ओसरी:
न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, याची छान फोड आहे. तत्त्व कळावं म्हणून वाद, जिंकण्यासाठी जल्प, स्वतःचा पक्ष न मांडता नुसतं खोडत राहणं ही वितंडा. सूत्रकार गौतम शेवटच्या दोन्ही टाकून देत नाही. कोवळ्या कोंबाभोवती काटेरी फांद्या लावतात, तसा त्यांचा उपयोग सांगतो. सेमेलवाइसने काटे लावले, पण कोंब चौदा वर्षं नीट लोकांसमोर आणलाच नाही, असं मला वाटतं.

पाणकळा:
कुंपणच शेत खातं, त्याचं काय? त्याने लवकर लिहायला हवं होतं, हे मान्य. पण तो दोष माणसाचा. त्यावरून पटवणं हा सत्याचा भाग ठरत नाही.

चिकित्सक:
सत्याचा नाही, शोधाचा. आणि आपण सगळेच समुदाय म्हणून फक्त डॉक्टर मोजतोय. दुसरा विभाग सुइणींचा होता, तिथे मृत्यू बरेच कमी. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवायच्या, असं सेमेलवाइसनेच लिहून ठेवलंय. त्यांचं हे म्हणणं पुरावा म्हणून कुणी ऐकलं असतं तर?