मदत हवी आहे: हेडलॅम्पच्या रिफ्लेक्टरची चांदी उडाली आहे (बडोदा)

दांडियाबाजारकर:
1930च्या दशकातल्या ब्रिटिश गाडीचे दोन हेडलॅम्प. रिफ्लेक्टर पितळी, व्यास 8 इंच, खोली सव्वातीन इंच. बल्बच्या भोकाभोवती पितळ उघडं पडलंय, कडेला रबरी गॅस्केटलगत काळा पट्टा. बल्ब 12 व्होल्ट, 36 वॅट. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) क्रोम स्वस्तात होतंय. करावं का? की ब्रासो मारून भागेल?

जुना मिस्त्री:
क्रोम नको. डोळ्याला झगझगीत दिसतं, पण प्रकाश परत फेकतं साधारण 65 टक्के. चांदी 95च्या आसपास. ब्रासोत घासणारी पूड असते, उरलीसुरली चांदीही जाईल. आणि पितळ दिसायला लागल्यावर पॉलिशने काय होणार? चांदीचाच मुलामा पुन्हा द्यायचा.

देवाच्या भांड्यांना मुलामा देणाऱ्याकडे नेणार असाल तर जाडी आधी ठरवा. तिथला थर बहुधा नावापुरता असतो, इथे निदान 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) हवा. तुमच्या मापाला आतला पृष्ठभाग सुमारे 470 चौ. सेंमी. भरतो, म्हणजे एका रिफ्लेक्टरला जवळपास 5 ग्रॅम चांदी. पाठीवर लॅकर (वार्निशसारखा लेप) मारायला सांगा, नाहीतर बरीच चांदी मागे जाऊन बसेल. बफिंग झाल्यावर एकदा आणि प्लेटिंगनंतर लॅकर काढून एकदा वजन करा. किती चांदी चढली याचा हिशेब तिथेच कळतो.

बफ आणि बाथ:
वरच्यात भर. पोचे आधी लाकडी साच्यावर ठोकून काढा. चांदी भरून पोचा लपत नाही. बफ हलक्या हाताने. पत्रा पातळ असतो, जोर दिला तर वाटीचा बाक बदलतो आणि मग बल्ब कितीही पुढेमागे केला तरी झोत एकवटत नाही.

पितळ थेट मुख्य बाथमध्ये (चांदीच्या द्रावणाच्या टाकीत) बुडवलं की करंट लागण्याआधीच चांदीचा कच्चा थर चढतो आणि पुढे तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी स्ट्राइक, म्हणजे पातळ पहिला थर: चांदी कमी, सायनाइड जास्त असलेल्या बाथमध्ये, करंट चालू ठेवूनच सोडायचं. दुसरी गोम म्हणजे वाटी खोल असल्याने चांदी काठावर जास्त आणि मध्यभागी कमी बसते. वाटीच्या आत अॅनोड (करंटच्या धन टोकाला जोडलेली चांदीची पट्टी) टांगायला सांगा. नेमकं भोकाभोवतीच तुमचं उडालंय ना? तोंड वर ठेवून बुडवायचं, बुडबुडे अडकत नाहीत. हे घरी करायचं काम नाही, सायनाइड आहे.

दांडियाबाजारकर:
काळ्या पट्ट्याचं काय? वरून लॅकर मारू?

जुना मिस्त्री:
लॅकर नको, उष्णतेने पिवळं पडतं. काळं झालंय ते रबरातल्या गंधकाने. गॅस्केट कॉर्कचं घाला. सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं). व्हिनेगरसारखा वास येणारं नको. बसवताना आतून बोट लावू नका. पुढे कधी पुसायचं झालं तर मऊ मलमल, मधून काठाकडे सरळ रेषेत. गोल फिरवलंत तर ओरखड्यांची वर्तुळं झोतात दिसतात.

दोन्ही एकदमच द्या, नाहीतर एक दिवा उजळ आणि एक मंद.