मदत हवी आहे: मोठ्या माणसाचा फायमोसिस (लिंगाची कातडी मागे न जाणं), युरोलॉजिस्टकडे कधी न्यावं?

मंडळी, विषय अवघड आहे, पण लाज धरून भागणार नाही. आमचे मोठे बंधू पन्नाशीपुढचे, यावलकडे केळीची बाग. शुगर जुनी. हिवाळ्यापासून लिंगाच्या टोकावरची कातडी मागे जाईनाशी झालीय. कडेला बारीक चिरा, लघवी लागली की नुसती आग, आणि कातडीचं तोंड पांढरट, कडक. मेडिकलमधल्या मलमाने चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

लहान मुलांची कातडी चिकटलेली असणं नैसर्गिक, ती वयानुसार सुटते, जोर लावून ओढायची नसते, हे माहीत आहे. पण या वयात नव्याने झालं म्हणजे डॉक्टरला दाखवायलाच हवं ना? शुगरमुळे बुरशी धरते, चिरा पडतात, भरताना कातडी आवळत जाते, असं वाचलं. त्यात त्यांना डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. ती गोळी साखर लघवीतूनच बाहेर काढते. त्याचाही हात असेल का? (गोळी परस्पर बंद करणार नाही.)

पांढरा कडकपणा असताना स्टेरॉइड मलमाने फरक पडतो, की थेट सुंताच? ऑपरेशनआधी शुगर कितपत आटोक्यात लागते? बधिर करून त्याच दिवशी घरी सोडतात का?

मागे गेलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजलं, किंवा लघवी तुंबली, तर रात्रीही दवाखाना गाठायचा, एवढं वहिनींना सांगून ठेवलंय. भाऊ मात्र "केळीचा माल कापला गेला की बघू" म्हणतात. जळगाव-भुसावळकडे कुणी यातून गेलं असेल तर अनुभव सांगा, इनबॉक्समध्ये सांगितलंत तरी चालेल.