लेगर, पिंप आणि ‘वाइन गाळणे’ : केपच्या जुन्या नोंदींतले शब्द

शब्दार्थी : दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपच्या डच वसाहतीतल्या सुरुवातीच्या वाइनवरचा मजकूर मराठीत करत आहे. तीन ठिकाणी अडले. ‘२ फेब्रुवारी १६५९ रोजी यान फान रीबेकच्या वसाहतीत केपच्या द्राक्षांची पहिली वाइन गाळली’ हे बरोबर वाटते का? नोंदींत वाइनच्या आकड्यांपुढे येणाऱ्या ‘लेगर’ला पिंप म्हणावे का? आणि ‘मस्ट’ला, म्हणजे न आंबलेल्या द्राक्षरसाला, काय म्हणता येईल?

कोशकीटक : ‘गाळली’ नको. मराठीत दारू गाळणे म्हणजे भट्टी लावून, वाफ थंड करून अर्क उतरवणे. केपमध्ये तेही झाले, पण नंतर. तिथली पहिली ब्रँडी १६७२ची. १६५९च्या वाक्यात ‘गाळली’ आले की वाचकाच्या डोळ्यांसमोर हातभट्टीच येणार.

त्या दिवशी द्राक्षे पिळून रस काढला होता, वाइन व्हायची होती. म्हणून ‘वाइनसाठी द्राक्षे प्रथमच पिळली’ असे लिहा. पुढच्या पायऱ्यांनाही वेगवेगळी क्रियापदे ठेवा : तुडवणे, आंबवणे, पिळणे, निवळ काढणे. खाली बसलेला गाळ न ढवळता वरची वाइन दुसऱ्या भांड्यात घेतात, ते निवळ काढणे. त्याला ‘गाळणे’ म्हटले की अर्थाचा आणखी एक घोळ.

मस्टला ‘कच्चा रस’ पुरे. साले-बियांसकट असेल तर ‘चोथ्यासह रस’. केपच्या आफ्रिकान्स भाषेत ‘मस्ट’ हाच शब्द ‘मोस’ होऊन उरला आहे. आंबत्या रसाने फुगवलेल्या गोड पावांना तिथे ‘मोसबोलेकी’ म्हणतात.

मापारी : लेगरबद्दल. ते पिंपही आहे आणि मापही. भांड्याबद्दल वाक्य असेल तर पिंप चालेल. शब्दही पोर्तुगीज ‘पिपा’वरूनच आपल्याकडे आला, म्हणजे मुळात मद्याच्याच घरचा. आकडा जोडलेला असेल तर मात्र लेगरच ठेवा. १ लेगर म्हणजे ४ आम किंवा १६ अँकर (हीही जुनी डच मापेच), साधारण ५७५ लिटर. आजच्या वाचकाला पिंप म्हणजे डांबराचे किंवा तेलाचे २०० लिटरचे पत्र्याचे पिंप. ‘१० लेगर’चे ‘१० पिंपे’ केलेत तर पावणेसहा हजार लिटरचे दोन हजारच उरतील.

आणि लेगर नीट लिहा. ‘लागर’ ही बियर, तिचा इथे काही संबंध नाही.

आसवप्रिय : ‘वाइन’ऐवजी ‘द्राक्षासव’ का नको? शब्द आपला आहे.

कोशकीटक : आसवात गूळ किंवा साखर पडते, धायटीची फुले पडतात, औषधी द्रव्ये पडतात. केपच्या वाइनला नुसता रस आणि सालीवरचे खमीर पुरत असे. द्राक्षासव म्हटले की वाचक वैद्याच्या दुकानात जातो. वाइनच राहू द्या.

शब्दार्थी : पुढे ‘बरीच वाइन आंबली’ असे लिहिले आहे. ठीक?

मापारी : इथे सगळ्यात जपून. आंबल्याशिवाय वाइन होतच नाही, त्यामुळे ‘आंबली’ हा दोष की कृती ते कळत नाही. बिघडून व्हिनेगर झाली असेल तर ‘शिरका झाला’ म्हणा, नुसती चव आंबट असेल तर ‘आंबट राहिली’. कारणेही वेगळी आहेत.

आंबट राहण्याचे कारण कच्ची द्राक्षे. पाखरे घड फस्त करतील, वारा झोडपेल या धास्तीने लवकर तोडणी होई. लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे १ टक्का अल्कोहोल, असा हिशेब. १५० ग्रॅमच्या रसातून जेमतेम ९ टक्के निघते, २१०च्या रसातून १२. कमी अल्कोहोलची वाइन प्रवासात टिकतही कमी.

शिरका होतो हवेमुळे. लाकडातून वाइन थोडी थोडी उडते, पिंपात पोकळी पडते, आणि तिथे शिरक्याचे जिवाणू वाढतात. म्हणून पिंप बुचापर्यंत भरत राहायचे. आधी खारवलेले मांस ठेवलेले पिंप नुसते विसळून वापरले तर वास वाइनमध्ये उतरतो. रिकामे पिंप धुऊन, वाळवून, आत गंधक जाळून बूच मारावे लागते.

केपचा तेव्हाचा डच प्रमुख सिमोन फान डर स्टेल याने १६८६मध्ये हुकूम काढला : समितीने द्राक्षे पिकल्याचे पाहण्याआधी कोणी पिळली तर ६० रिक्सडालर दंड. (रिक्सडालर हे तेव्हाचे चलन, त्याचे ‘रुपये’ करू नका.) त्याच्याच कॉन्स्टान्शिया या मळ्याच्या वाइनला पुढे युरोपात नाव मिळाले.

कोशकीटक : तुडवण्याच्या भांड्याला डचमध्ये ‘ट्रापबाली’. तळाला भोके पाडलेला लाकडी टब मोठ्या टबावर ठेवायचा. वर अनवाणी तुडवायचे, रस खाली झिरपतो. ‘घाणा’ म्हणू नका, फिरणारे काहीच नाही. ‘भोकांचा टब’ म्हणा. तुडवणारे बहुतेक गुलाम असत आणि त्यांत बंगाल, कोरोमंडल, मलबारहून नेलेले लोकही होते. त्यामुळे ‘मजूर’ हा शब्द तिथे खोटा ठरतो.

देठ काढायच्या वेताच्या जाळीला ‘काटेल’ म्हणत. मूळ अर्थ खाट. तमिळ ‘कट्टिल’ पोर्तुगीजांमार्फत तिथवर गेला. घड त्यावर हाताने चोळले की मणी खाली पडतात, देठ वर राहतात. हिरवे देठ रसात गेले तर वाइन तुरट होते. तुमच्या मजकुरात तो शब्द आला तर ‘वेताची जाळी’ लिहा, ‘खाट’ नको.

शब्दार्थी : आला आहे, दोनदा. ‘पलंग’ केला होता. बदलते.