सॅडलबॅगला घरगुती आधार कसा करावा?

प्रश्न: मोटरसायकलच्या मागच्या सीटला दोन्ही बाजूंनी सॅडलबॅगा लटकवून खानापूरहून चोर्ला घाटातनं गोव्याला जातो. डावी बॅग साडीगार्डवर टेकते, उजवी सायलेन्सरवर लोंबते. परवा तिचा तळ वितळला, आतला रेनकोटही गेला. आधार स्वतःच करायचाय.

उत्तर: आधी जाड तारेचा नमुना वाकवा, मग ८ मिलिमीटरची सळई. एक टोक शॉकअपच्या वरच्या बोल्टला, दुसरं मागच्या फूटरेस्टच्या बोल्टला. शॉकअपच्या खालच्या बोल्टला अजिबात नको, तो चाकाबरोबर हलतो. वेल्डिंग बेळगावच्या उद्यमबागेत करून घ्या, पण सळई गाडीवरनं उतरवून.

दुसरं उत्तर: दादा, सायलेन्सरपासून चार बोटं अंतर ठेवा. मागं माणूस बसवून खड्ड्यातनं चालवून बघाच.

प्रश्नकर्ता: तार वाकवली. फूटरेस्टचा बोल्ट आखूड पडतोय, लांब आणतो.