ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळा परीक्षेच्या घाण्याला कोणी जुंपल्या?

चर्चाप्रस्ताव

आयर्लंडमधील वॉटरफर्डचे सधन व्यापारी एडमंड राइस यांनी १८०२ मध्ये न्यू स्ट्रीटवरील एका तबेल्यात गरीब कॅथलिक मुलांसाठी विनाशुल्क शाळा सुरू केली. पगारी शिक्षक पोरांच्या दंग्याला कंटाळून निघून गेले, तरी राइस हटले नाहीत. पुढे माउंट सायन येथे शाळेची कायमची वास्तू उभी राहिली, तेव्हा तिच्यासोबत पावाची भट्टी आणि शिंपीकामाची खोलीही आली. ही वसतिगृहाची शाळा नव्हती; मुले संध्याकाळी घरी परतत आणि घरचे दारिद्र्य रोज सकाळी त्यांच्याबरोबर पुन्हा वर्गात येई, हे राइस यांनी नेमके ओळखले होते. राइस यांनी स्थापन केलेल्या ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक धर्मबंधूंच्या संघाच्या शाळांना पुढे जे घोकंपट्टीचे रूप आले, त्याचा दोष माझ्या मते १८७८ च्या माध्यमिक शिक्षण कायद्याकडे जातो. विद्यार्थी उत्तीर्ण होतील त्या प्रमाणात शाळेला पैसे, असा त्याचा हिशेब होता, आणि ज्या शाळेला जमीनजुमला नाही, श्रीमंत पालक नाहीत, तिला हा हिशेब मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

प्रतिसाद

हे ‘गत्यंतर नव्हते’ मला पटत नाही. १८३१ मध्ये सरकारी राष्ट्रीय शाळांची व्यवस्था आली, तेव्हा ब्रदर्सनी काही शाळा तिच्याशी जोडल्या होत्या. पण धर्मशिक्षण वेगळ्या वेळेपुरते मर्यादित ठेवण्याची अट जाचक वाटताच १८३६ मध्ये त्यांनी अंग काढून घेण्याचा निर्णय घेतला आणि अनुदानावर पाणी सोडले. म्हणजे पैसा नाकारणे त्यांना ठाऊक होते. धर्मासाठी जे केले, ते अध्यापनासाठी का केले नाही? शिवाय मुलांना मारायचा चामडी पट्टा कोणत्या कायद्याने ब्रदर्सच्या हाती दिला? निकालावरचे अनुदान १९२४ मध्ये संपले. आयर्लंडच्या शाळांतील शारीरिक शिक्षा मात्र १९८२ मध्ये बंद झाली. मधल्या ५८ वर्षांचे खापर कोणावर फोडणार?

प्रस्तावकाचे उत्तर

पट्ट्याबाबत आपला आक्षेप मला मान्य आहे. तेथे कायद्याची ढाल पुढे करता येत नाही. (संस्थापकाचा स्वतःचा कल सौम्य शिस्तीकडे होता, हे आठवले की अधिकच बोचते.) परंतु १८३६ आणि १८७८ यांना एकाच तराजूत घालू नये. पहिल्या वेळी नकार दिल्यावरही प्राथमिक शाळा वर्गणीवर, कशाबशा का होईना, चालत राहिल्या. दुसऱ्या वेळी प्रश्न माध्यमिक शिक्षणाचा होता, आणि कारकुनी किंवा सरकारी नोकरीची वाट त्या परीक्षांतून जात होती. मंत्री डोनो ओ'मॅली यांनी मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली ती १९६६ मध्ये. तोपर्यंत मजुराच्या मुलाला माध्यमिक वर्गात बसायचे, तर ब्रदर्सची अल्प शुल्काची शाळा हाच बहुधा त्याच्या आवाक्यातला मार्ग होता.

आणखी एक प्रतिसाद

दोघेही ब्रदर्सविषयीच बोलत आहात. बाकावर बसलेल्या मुलाचे काय? ज्याच्या उत्तरपत्रिकेतून शाळेला पैसे मिळण्याची आशा असे, त्याच्यावर मेहनत घेणे शाळेच्या फायद्याचे होते. ज्याच्याकडून ती आशा नसे, तो मागे पडला तरी शाळेचे काही बिघडत नव्हते. माउंट सायनच्या भट्टीतला पाव मात्र मुलाचे गुण पाहून दिला जात नव्हता. दोष कायद्याचा असो वा ब्रदर्सचा, मागच्या बाकावरच्या मुलापुरती राइस यांची शाळा तेथेच बंद झाली होती.